बारा रिफ, पाऊण तास: वाजवून केलेल्या निवडीच्या नोंदी

2 जून

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे कुणाला आपल्या गावात असंच काही करायचं असेल तर पहिल्यापासून वाचता येईल. आमच्या भागातल्या संगीत मंडळाने ऑगस्टच्या बैठकीत आम्हाला पाऊण तास दिला आहे. विषय रॉक गिटारमधले सर्वांत थोर रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारे छोटे तुकडे. गाणी म्हणायची नाहीत, सोलो वाजवायचे नाहीत. रिफ वाजवायचा, त्याबद्दल दोन-तीन मिनिटं बोलायचं आणि पुढे जायचं. हिशेब केला तर बारा बसतात. तेरावा घेतला की सगळ्यांचीच घाई होते.

समोर बसणारे निम्मे लोक ख्याल-ठुमरी ऐकणारे. त्यांना थोरपण तोंडाने सांगून पटणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी अट ठरवली: जो रिफ आमच्या हातातून मूळच्या जवळ निघत नाही तो कितीही गाजलेला असला तरी घ्यायचा नाही.

माणसं चार. गिटारवर मी आणि माझा भाचा, बेसवर कॉलेजपासूनचा मित्र आणि एक तबलजी. भाचा मेटलवाला. तबलजीच्या कानाला रॉकची सवय नाही, आणि त्याला घेण्याचं कारणही तेच.

7 जून

प्रत्येकाने आपापली यादी आणली. एकत्र केल्यावर सत्तरच्या आसपास नावं झाली. पण संध्याकाळ गेली ती रिफ कशाला म्हणायचं या वादात. हा वाद टाळू नका. आज टाळला तर महिन्याभराने ऐन तालमीत उभा राहतो.

सुरुवात ‘जॉनी बी. गुड’वरून (1958) झाली. चक बेरीशिवाय रॉक गिटार नाही, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पण ती प्रसिद्ध तान गाण्याच्या तोंडावर येते, गाणं तिच्यावर चालत नाही. शिवाय लुई जॉर्डनची 1946 ची ‘एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन’ ही रेकॉर्ड लावली तर कार्ल होगनच्या गिटारवर जवळजवळ तीच सुरुवात ऐकू येते. बेरीला बोलण्यात मानाची जागा द्यायची, बारांत नाही. त्याच्याआधी इलेक्ट्रिक गिटार दणकून वाजवणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प यांचं नावही तिथेच घ्यायचं ठरलं.

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (1973) सात मात्रांत चालतं म्हणून तबलजी लगेच सरसावला. पण तो बेसचा रिफ आहे. आमचा बेसवाला त्यासाठी बराच भांडला, आणि नियम मान्य करून मग त्यानेच विचारलं, “मग ‘सेव्हन नेशन आर्मी’चं (2003) काय?” ऐकताना तो बेसच वाटतो. मात्र व्हाइट स्ट्राइप्समध्ये बेसवाला नव्हताच. जॅक व्हाइटने गिटारच व्हॅमी पेडलमधून एक सप्तक खाली उतरवली आहे. म्हणजे आत. ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ची (1967) गोष्ट उलटी. रिफ सुचला क्रीमच्या जॅक ब्रूसला, म्हणजे बेसवाल्याला, जानेवारी 1967 मध्ये लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये जिमी हेंड्रिक्सला ऐकून आल्यावर. पण रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टनच्या गिटारवरही तोच आहे. तोही आत.

शेवटी व्याख्या अशी ठरली: गिटारवरचा छोटा, फिरून फिरून येणारा वाक्यांश, जो काढला तर गाणं खाली बसेल. मंडळातल्या लोकांना सांगताना बंदिशीच्या मुखड्याची उपमा द्यायची. मुखडा दर आवर्तनाला गायकाला जागेवर आणतो, तसं रिफ गाण्याला आणतो.

या व्याख्येने सत्तरातली निम्मी नावं त्याच रात्री गळली.

14 जून

भाच्याची सूचना डिस्टॉर्शनबद्दल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करण्याबद्दल: “मामा, डिस्टॉर्शन काढून वाजवू. अकूस्टिकवर टिकेल तोच खरा.” ऐकायला पटण्यासारखी चाचणी. आठवडाभर आम्ही तीच केली आणि आज ती रद्द केली. का, ते लिहितो, कारण ही कल्पना बहुतेकांना सुचते.

बीटल्सचं ‘डे ट्रिपर’ (1965) अकूस्टिकवर झकास टिकतं. ‘सनशाइन’ही टिकतं. ‘सॅटिस्फॅक्शन’ (1965) मात्र पार कोसळलं. त्यात तीनच सूर आहेत, बी, सी शार्प आणि डी. पाचव्या तारेवर दुसरा, चौथा आणि पाचवा फ्रेट (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधली जागा). कोरड्या आवाजात ते पोरकट वाटतं. जगातला इतका मोठा रिफ अकूस्टिकवर पडत असेल तर चाचणीतच खोट आहे.

कारण रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ते मायस्ट्रो ब्रँडच्या फझ-टोन पेडलमधून, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या पेडलमधून, वाजवलं होतं. त्याच्या मनात ती जागा ब्रास वाद्यांची होती आणि गिटारवर त्याने नुसता आराखडा काढून ठेवला होता. सूर लांबावा, ट्रम्पेटसारखा दाटून यावा, म्हणून फझ. बाकीच्यांना तोच आराखडा आवडला आणि तोच बाजारात गेला. त्याच वर्षी ओटिस रेडिंगने ते गाणं खरोखर ब्रासवर घेतलं. दोन्ही लागोपाठ ऐकली की रिचर्ड्सच्या मनात काय होतं ते कळतं. फझ काढला की सुराचं लांबणं जातं, आणि तीन सुरांत लांबण्याखेरीज आहे काय?

‘यू रिअली गॉट मी’चंही (1964) तेच. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने एका छोट्या एल्पिको ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. एफ आणि जी, दोनच पॉवर कॉर्ड (दोन-तीन तारांत मावणारे साधे कॉर्ड). चिरलेल्या कागदाचा तो फाटका आवाज हा त्या रिफचा अर्धा देह आहे. लिंक रेने 1958 च्या ‘रंबल’साठी स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली होती. त्यात एक शब्द गायलेला नाही, तरी काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायला नकार दिला. आवाजच पुरेसा होता.

चिरायला स्पीकर आमच्याकडे नाही. एक वापरलेला फझ पेडल 2,200 रुपयांना घेतला. ‘सॅटिस्फॅक्शन’ त्यातून वाजवताच तबलजी म्हणाला, “हां, आता हे काहीतरी आहे.”

21 जून

आज ‘स्मोक ऑन द वॉटर’ (1972). हा बाद करावा असा भाच्याचा आग्रह होता. गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात हाच वाजवतो, वाद्यांच्या दुकानात कान किटतात, वगैरे. त्याची तक्रार मला समजते, पण ती रिफबद्दल नाही. बहुतेक जण जे वाजवतात ते डीप पर्पलच्या रिची ब्लॅकमोरने वाजवलेलं नाहीच.

शिकाऊ माणूस तो जाड तारांवर पॉवर कॉर्ड धरून पिकने, म्हणजे नखीने, खाली ओढतो. ब्लॅकमोर चौथी आणि तिसरी तार एकदम वाजवतो. दोन्ही मोकळ्या, मग दोन्ही तिसऱ्या फ्रेटवर, मग पाचव्यावर, आणि दुसऱ्या फेरीत सहाव्याला स्पर्शून पाचव्यावर परत. दोन सुरांत अंतर चौथ्याचं, म्हणजे प-सा या जोडीतलं. मुख्य म्हणजे पिक नाही, बोटं. पिक वरून खाली येताना आधी एका तारेला लागतं, मग दुसरीला, आणि त्या बारीक फटीमुळे सूर जरासा फरफटतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दोन्ही तारा धरून एकदम सोडल्या की दोन्ही सूर एकाच क्षणी उभे राहतात, आणि रिफ एकदम भारदस्त होतो. भाच्याला आधी पिकने वाजवून दाखवलं, मग बोटांनी. तो काही बोलला नाही, आपली गिटार काढून चिमटीने वाजवू लागला.

मंडळासाठी सरगम लिहून घेतली. जी सा धरला तर: सा ग म, सा ग तीव्र म शुद्ध म, सा ग म ग सा. गंधार कोमल. दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात म्हणून कुणी ललितचं नाव घेईल. तेवढीच ओळख आहे, राग तो नव्हे.

गोष्टही सांगण्यासारखी आहे. डिसेंबर 1971 मध्ये बँड स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला रेकॉर्डिंगसाठी गेला होता. 4 डिसेंबरला तिथल्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि कॅसिनो जळून गेला. पाण्यावरचा धूर म्हणजे जिनिव्हा सरोवरावर पसरलेला तोच धूर. नंतर एका थिएटरात या गाण्याचं मूळ वादन घेतलं, तर शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस दारात. बाकीचा अल्बम हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या मोकळ्या कॉरिडॉरमध्ये झाला.

हा यादीत पक्का.

29 जून

रद्द केलेल्या चाचणीच्या जागी नवी: डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचं नाही, आणि उजव्या हाताने फक्त ठेका वाजवायचा. सूर शून्य. एवढ्यावर रिफ ओळखू येतो का?

बहुतेक थोर रिफ येतात. ‘स्मोक’ आला, ‘सॅटिस्फॅक्शन’ आलं. निर्व्हानाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (1991) तर आणखी खुललं, कारण कर्ट कोबेनच्या वाजवण्यात दोन कॉर्डच्या मधली ती कोरडी ‘चक्-चक्’ मुळातच आहे. या गाण्यात नुसते चार कॉर्ड आहेत, त्याला रिफ म्हणायचं का, असा वाद 7 तारखेला उरला होता. तो इथे मिटला. एफ, बी फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट हे चार कॉर्ड कुणीही वाजवेल. मधली चक्-चक् काढली तर गाणं उरत नाही.

पण दोन ठिकाणी ही चाचणीही अडली. ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ (1987) ठेक्यावर मुळीच ओळखू येत नाही. गन्स एन’ रोझेसच्या स्लॅशची ती ओळ म्हणजे सारख्या अंतराचे आठ सूर, एका तारेवरून दुसरीवर उड्या मारत. त्याने स्वतःच तो बोटांचा व्यायाम असल्याचं सांगितलं आहे. जादू कुठे आहे ते सावकाश वाजवताना दिसलं. आठांतले सात सूर जागचे हलत नाहीत, फक्त पहिला बदलतो: दोन फेऱ्या डी, दोन फेऱ्या ई, दोन जी, पुन्हा डी. खाली जमीन सरकते आणि वरची नक्षी तशीच राहते.

दुसरं ब्लॅक सॅबथ या बँडचं त्याच नावाचं गाणं, ‘ब्लॅक सॅबथ’ (1970). संथ तीन सूर: सा, वरचा सा, आणि तीव्र मध्यम. ठेका म्हणावा असं काहीच नाही, सगळी भीती त्या तीव्र मध्यमात.

म्हणून दुसरी चाचणी जोडली. तबलजीला रिफ दोनदा ऐकवायचा आणि दुसऱ्या दिवशी फोनवर गुणगुणायला सांगायचं. ठेका किंवा गुणगुण, दोहोंपैकी एक तरी जमलं पाहिजे. ‘सेव्हन नेशन आर्मी’ त्याने पहिल्या झटक्यात म्हणून दाखवलं. 2003 पासून युरोपातल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो माणसं तो रिफ शब्दांशिवाय ओरडतात. का, ते फोनवर कळलं.

6 जुलै

हा आठवडा ट्यूनिंगने खाल्ला. दोन वेगवेगळी ट्यूनिंग असलेले रिफ एका कार्यक्रमात घेणार असाल तर हे आधी वाचा.

लेड झेपेलिनचं ‘काश्मीर’ (1975) डी-ए-डी-जी-ए-डी या ट्यूनिंगमध्ये आहे. नेहमीच्या ट्यूनिंगमधून सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण सूर खाली. माझी गिटार स्ट्रॅट पद्धतीची, ट्रेमोलो ब्रिजवाली, म्हणजे तारा बांधलेला ब्रिज दांड्याने हलवून सूर वरखाली करता येणारी. तीन तारा उतरवल्या की उरलेल्या तीन आपोआप चढतात, कारण मागच्या स्प्रिंगांचा ताण आणि तारांचा ताण एकमेकांना तोलत असतो. चढलेल्या उतरवायला जावं तर आधीच्या पुन्हा हलतात. ट्यूनरकडे बघत बसून अर्धी तालीम गेली. वर परत आणताना पहिली तार तुटली. त्यात पावसाळ्याची हवा, गळा हललेला.

उपाय साधा निघाला. मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि ब्रिजचा लोखंडी ठोकळा व लाकूड यांच्यामध्ये मापाने घासलेला सागवानी तुकडा बसवला. आता ब्रिज हलत नाही, ट्रेमोलोचा दांडा निरुपयोगी झाला, पण या बारांत तो कुठेच लागत नाही. तुकडा सुताराकडे फुकट मिळाला. तारांचे दोन संच 1,300 रुपये. भाच्याच्या गिटारचं सेटअप करून घेतलं, त्याचे 900.

‘स्वीट चाइल्ड’ अर्धा सूर खाली वाजतं. ते आम्ही नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच घेणार. एकट्या गिटारने वाजवताना काही बिघडत नाही, कुणी शुद्धतावादी रागावला तर रागावू द्या.

13 जुलै

‘काश्मीर’वर सबंध तालीम दिली आणि ती सगळ्यांत समाधानाची ठरली.

जॉन बोनहॅमचा ड्रम चारात चालतो. जिमी पेजचा रिफ तीनात. तबलजीला मी हे सांगितलं नाही, फक्त वाजवायला लागलो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तो मान हलवत ऐकत राहिला, मग मांडीवर हाताने चार धरले, ओठांनी माझे तीन मोजले, आणि बाराव्या मात्रेनंतर दोन्ही एकत्र आले तसा हात वर करून म्हणाला, “आली बघ सम.” मग त्याने चाराचा साधा ठेका धरला आणि मी तीनाचा रिफ त्यावर फिरवत राहिलो. ख्याल ऐकणाऱ्यांना हा रिफ समजावून सांगायची गरजच नाही. नुसता तबला लावायचा.

बोलताना दोन गोष्टी सांगायच्या. एक, गाण्याचे शब्द रॉबर्ट प्लांटला मोरोक्कोच्या वाळवंटातल्या प्रवासात सुचले, काश्मीरशी त्यांचा संबंध नाही. दुसरी आपल्या जवळची: पेज आणि प्लांट 1972 मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्या दोन गाण्यांचं रेकॉर्डिंग केलं. ते अधिकृतपणे बाहेर आलं ते 2015 मध्ये. मुंबईतले दिवस आणि ‘काश्मीर’ यांचा थेट धागा आहे असं मी म्हणणार नाही. पण ती रेकॉर्डिंग ऐकवायला मला फार आवडेल, वेळ उरला तर.

20 जुलै

आज जॅमरूम, ड्रमसह. ताशी 450 रुपये, तीन तास. घरातल्या लहान ॲम्पवर जे पक्कं वाटत होतं त्यातलं बरंच इथे उघडं पडलं.

एसी/डीसीचं ‘बॅक इन ब्लॅक’ (1980): ई, डी, ए. कॉर्ड वाजतात त्याइतकाच वेळ शांततेला दिलेला आहे. घरी आम्ही गेन (ॲम्पवरचं आवाज फाटका करणारं बटण) भरपूर ठेवून वाजवत होतो. मोठ्या ॲम्पवर त्या मधल्या जागा गुरगुरण्याने आणि शिट्टीने भरून गेल्या आणि रिफ चिखलात रुतला. भाचा गेन आणखी वाढवायला निघाला होता. उलट करून पाहिलं: गेन निम्म्याच्याही खाली, आवाज वर, आणि प्रत्येक कॉर्डनंतर दोन्ही हातांनी तारा दाबून एकदम गप्प. तेव्हा रिफ उभा राहिला. माल्कम यंगच्या गिटारचा आवाज रेकॉर्डवर नीट ऐका, वाटतो त्याहून पुष्कळ स्वच्छ आहे. जो वाजवणार असेल त्याने आधी न वाजवण्याच्या मात्रा मोजाव्यात.

मेटालिकाचं ‘एंटर सँडमन’ (1991) इथेच ठरलं. ओळ कर्क हॅमेटची. लार्स अल्रिकने सुचवलं की पहिला तुकडा तीनदा येऊ दे आणि शेपूट चौथ्यांदाच लाव. भाच्याला मूळची घडण कशी असेल ते वाजवून पाहायचं होतं, म्हणून शेपूट दर वेळी लावून वाजवलं. ओळ तीच, पण वाट बघायला लावणारं काही उरलं नाही. हा प्रयोग कार्यक्रमातही करणार आहोत, दहा सेकंद लागतात.

‘मास्टर ऑफ पपेट्स’ (1986) मात्र पडला. जेम्स हेटफील्ड तो मिनिटाला दोनशेच्या वरच्या गतीत सगळा खालच्या फटक्यांनी वाजवतो. वर-खाली पिक केलं तर गती सापडते आणि धार जाते. नुसत्या खालच्या फटक्यांनी भाचा पाऊण मिनिट टिकतो, मग कोपरापासून हात भरतो. अट म्हणजे अट.

27 जुलै

सॅबथमधलं कुठलं घ्यायचं हा प्रश्न लांबत होता. ‘ब्लॅक सॅबथ’, ‘पॅरानॉइड’, ‘आयर्न मॅन’, तिन्ही 1970 चे. भाच्याचा हट्ट ‘इंटू द व्हॉइड’साठी (1971), म्हणजे सगळ्या तारा दीड सूर खाली. दहाच्या, म्हणजे 0.010 इंची पातळ संचाच्या, तारा इतक्या उतरवल्या की त्या फ्रेटवर खडखडतात आणि जोराने मारलं की सूर वर सरकतो. जाड तारांचा वेगळा संच आणि तिसरी गिटार हवी. पाऊण तासात हे झेपणार नाही.

‘आयर्न मॅन’ घेतला, कारण त्यात सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याचा हात दिसतो. सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. कारखान्यातल्या एकाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती, आणि तरी तो वाजवत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, तारा बारीक घेतल्या. टोपणाखाली तार जाणवत नाही. अशा हाताला दोन तारांचा कॉर्ड धरून सरकत जाणं सोयीचं, आणि ‘आयर्न मॅन’ हा सगळा सरकण्याचाच रिफ आहे. मी मधल्या दोन बोटांना जाड टेप गुंडाळून वाजवून पाहिला. बोटं सुटी उचलून वाजवायला जावं तर पकड सुटते, सरकत गेलं की रिफ आपोआप जड चालीने निघतो.

3 ऑगस्ट

शेवटची कापाकापी. ‘डे ट्रिपर’ गेलं, याचं मला खरंच वाईट वाटतं. हेंड्रिक्सचं ‘पर्पल हेझ’ (1967) गेलं: सुरुवातीचा तीव्र मध्यमाचा दणका आमच्याकडून निघतो, पण पुढच्या कॉर्डमध्ये हेंड्रिक्सचा अंगठा सहाव्या तारेवर वरून येतो आणि माझा तिथे पोचत नाही. एरोस्मिथचं ‘वॉक धिस वे’ (1975) आणि हार्टचं ‘बराकुडा’ (1977) शेवटपर्यंत होते. ‘बराकुडा’ची ती घोडदौड अजून मनात चालू आहे. महिनाभर जास्त असता तर ‘टीन स्पिरिट’शी तिची लढत लावली असती.

लेड झेपेलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’बद्दल (1969) वादच झाला नाही. एक कृती लिहून ठेवतो: पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटचा डी आणि चौथी मोकळी तार एकदम वाजवायची आणि दाबलेली तार अगदी केसभर खेचायची. दोन डी एकमेकांना घासतात आणि रिफ गुरगुरतो. नुसती एक तार वाजवली तर सूर बरोबर येतात, गुरगुर येत नाही. ब्लूज गीतकार विली डिक्सनने 1985 मध्ये दावा लावला आणि समझोत्यानंतर त्याचं नाव श्रेयात आलं, हेही सांगायचं. तो दावा शब्दांवरून होता, तरी मूळ मालकाचं नाव घेतल्याशिवाय हे गाणं वाजवू नये.

पहिला नंबर कुणाला, हे मंडळाचे लोक विचारणारच. माझं उत्तर ‘स्मोक ऑन द वॉटर’. दोन्ही चाचण्या त्याने पार केल्या, सरगम चार सुरांची, आणि तरी बोटांऐवजी पिक घेतलं की त्याचं तेज जातं. एवढा सोपा आणि एवढा नेमका दुसरा सापडला नाही. भाच्याचं मत ‘आयर्न मॅन’, तबलजीचं ‘काश्मीर’. दोघांनाही बोलायला अर्धं मिनिट देणार.

8 ऑगस्ट

क्रम काळाप्रमाणे लावला होता तो बदलला. ‘काश्मीर’ मध्ये आला की ट्यूनिंगसाठी थांबावं लागतं. भाच्याची गिटार आधीपासून डी-ए-डी-जी-ए-डीत लावून ठेवायची आणि तो रिफ सर्वांत शेवटी, तबल्यासह. बाकीचे काळाच्या क्रमाने: ‘यू रिअली गॉट मी’, ‘सॅटिस्फॅक्शन’, ‘सनशाइन’, ‘होल लॉटा लव्ह’, ‘आयर्न मॅन’, ‘स्मोक’, ‘बॅक इन ब्लॅक’, ‘स्वीट चाइल्ड’, ‘एंटर सँडमन’, ‘टीन स्पिरिट’, ‘सेव्हन नेशन आर्मी’. फझ पेडल दुसऱ्या रिफनंतर बंद करायचा, ही चिठ्ठी ॲम्पवर चिकटवली आहे.

व्हॅमी पेडल विकत घेणं परवडणारं नव्हतं. एका ओळखीच्याकडून दोन दिवसांसाठी आणला, त्याला वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो हे लक्षात ठेवा. आतापर्यंतचा खर्च: फझ 2,200, तारा 1,300, सेटअप 900, जॅमरूम 1,350. एकूण 5,750 रुपये, चौघांत वाटून.

17 ऑगस्ट

बैठक झाली. वेळेत संपवता आलं नाही, ‘काश्मीर’ लांबलं, कारण तबलजी थांबायला तयार नव्हता आणि पुढच्या रांगेतले लोक टाळी धरून बसले होते. मुंबईची रेकॉर्डिंग ऐकवायची राहून गेली. ‘स्वीट चाइल्ड’ला अपेक्षेइतका प्रतिसाद नाही, ‘सनशाइन’ला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. त्याची सरगम आधी म्हणून दाखवली, सा सा कोमल नि सा, प तीव्र म शुद्ध म सा, कोमल ग सा, मग गिटारवर. एक ज्येष्ठ गायिका दुसऱ्याच फेरीत आमच्याबरोबर म्हणू लागल्या. पुढच्या वेळी प्रत्येक रिफची सरगम आधी म्हणायची.

मंडळाने डिसेंबरची तारीख विचारली आहे. भाचा आजपासून ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मिनिटाला एकशे साठच्या गतीने, नुसत्या खालच्या फटक्यांनी, रोज वाजवणार आहे. मी ‘बराकुडा’ उतरवायला घेतलं आहे.